घुंगराची कुंची

बोरवाडी, ता. पाथर्डी
२८ जुलै

शरिफे,

चिठ्ठी बघून हसशील. म्हनशील, जयीला फोन करता येत न्हाई का. फोन घरात एकच हाय आन त्यो ह्यांच्या खिशात असतो. तुझा फोन आला की सासूबाई म्हनत्यात, मोठ्यानं लाव, आमाला बी ऐकू दे. मंग मी काय बोलनार? जेवलीस का, पाऊस पडला का. म्हनून सातवीनंतर पयल्यांदा येवढं लिहायला बसलेय. वाल्मिकभाऊ दुधाचा टेम्पो घेऊन रोज भिंगारवरनं नगरला जातो. त्याला सांगितलंय, शरिफाला कापडाचं माप धाडलंय. त्यो उघडून बघनार न्हाई, त्याला वाचायचा लई कंटाळा.

गेल्या साली आमी देवळाली प्रवराकडं ऊस तोडायला हुतो हे तुला म्हाईत हाय. तिथं काय झालं ते मी कुनालाच नीट सांगितलं न्हाई. माझ्या पोटात धनश्री हुती, सहावा महिना. पहाटं आमी सगळी फडात गेलो. शेजारच्या पाचटाच्या कोपीतली छबूबाई, तिचा दोन वर्साचा पोरगा कोपीत निजला हुता. त्याला बिबट्यानं नेला. आमी पळत आलो तर गोधडी तिथंच. मी हात लावला शरिफे, गोधडी गरम हुती. अजून कवा कवा माझ्या तळहाताला ती ऊब लागती. मंग मी हात चुलीपाशी नेत न्हाई, पान्यात बुडवते.

आता दसऱ्याला मुकादम ऊसतोडीची नावं लिहायला येनार. तिकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. एकटा गेला तर त्यो अर्धा कोयता. सासूबाई म्हनत्यात, "तुझीच पोर काय सोन्याची हाय का? माझी चार उसातच वाढली." पोर त्यांच्यापाशी ठेवावी तर ती अजून अंगावर पिती. म्हंजी मी गेले की तिला यावंच लागतंय. तवा ती रांगायला लागली असंल.

मी लई रडले तवा ह्ये म्हनले, "घरी बसून काय कमवनार ते दाखव. दसऱ्यापत्तूर दाखव. मंग मी एकटा जातो, अर्ध्या कोयत्यावर."

तू जत्रंत म्हनली हुतीस, पोरींचे फ्रॉक मोबाईलवर विकतीस म्हनून. मला कुंच्या येत्यात. आमच्या वाडीत लंकाबाई म्हनून म्हातारी हाय, तिनं शिकवल्या. तिला सात पोरं झाली आन सातीच्या सात जगली. म्हनून गावात बाळ झालं की पयली कुंची तिच्या हातची. आता तिला दिसत न्हाई, सुई मी धरते. एक नमुना धाडलाय, घुंगरं लावून. विकंल का गं?

तुझी
जया

---

भिंगार
१ ऑगस्ट

जये,

तुझं अक्षर अजून तसंच, मुंग्या सांडल्यासारखं. शाळेत सर म्हणायचे तेच आज मी म्हटलं आणि मग पुढचं वाचलं. मग हसले नाही. दिलावरनं विचारलं काय झालं, मी म्हटलं डोळ्यात दोरा गेला.

कुंची लई गोड आहे. दिलावर म्हणतो, आजकाल कुंची कोण घालतं? मी म्हटलं, तू गप रिक्षा चालव. पुण्याच्या बायकांना बारशाच्या फोटोला असलंच लागतं.

तर ऐक. मी मोबाईलवर फ्रॉक विकते त्याच कंपनीत दुकान तुझ्याच नावानं काढायचं. आधार कार्ड आणि पासबुकाचा फोटो लागेल. जीएसटी नसलं तरी आपल्या महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात विकायला एक नंबर मिळतो, तो मी मोबाईलवर काढते. पण तुझ्या पासबुकावर अजून जया रामहरी आहे आणि आधारवर जया आदिनाथ. कंपनीला त्या दोन बाया वाटणार. पाथर्डीला बँकेत जाऊन नाव बदल.

तुमच्या वाडीत माल न्यायला कंपनीची गाडी येत नाही. म्हणून पत्ता माझा टाकलाय. तुझं दुकान आणि माझं दुकान, दोन्हीचा माल एकाच दारातून जाईल. तू शिवून टेम्पोत टाक, मी पिशवीत भरून चिठ्ठी चिकटवून देते.

घुंगरं काढून टाक. लहान बाळाच्या वस्तूला सुटणारं काही चालत नाही, तोंडात जाईल म्हणतात. फॉर्मात विचारतात माल नवा का वापरलेला, तिथं मी नवा लिहिलंय.

मंगळवारी अकराला मी दुकान काढायला बसेन. आदिनाथदाजींच्या फोनवर सहा आकडे येतील, ते मला लगेच सांगायचे. लगेच म्हणजे लगेच, तुझ्यासारखं चहा ठेवून नाही.

तीस कुंच्या दसऱ्यापर्यंत गेल्या तर दाजींना काय बोलायला तोंड राहणार नाही. असं धरून चाल.

शरिफा

---

बोरवाडी
९ ऑगस्ट

शरिफे,

मंगळवारचं सांगते. अकराला आकडे आले. ह्ये शेताकडं. तू फोन केलास तर ह्ये म्हनले, "आकडे कुनालाच सांगायचे न्हाईत, बँकंत बोर्डावर लिहिलंय." तू तीनदा मागितले, ह्यांनी तीनदा न्हाई म्हनून सांगितलं. आन संध्याकाळी मारुतीच्या पारावर बसून सगळ्यांना सांगत्यात कसं, "भिंगारवरनं एक बाई मला लुबाडायला बघत हुती, मी काय असा तसा न्हाई!" लोकांनी शाबासकी दिली. मी दारात उभी राहून ऐकत हुते. हसू पन येईना आन रडू पन येईना.

शेवटी बुधवारी तू नवे आकडे धाडलेस आन ह्ये आंघोळीला गेले तवा मी फोन काढला. साबन डोळ्यात गेला म्हनून वरडत हुते तवर आकडे सांगून झाले. आता त्यांना कळलंय. म्हनले, "मंग आधी सांगायचं ना." मी कितींदा सांगितलं हुतं.

बँकंत दोनदा गेले. पयल्यांदा मॅनेजर न्हाई, दुसऱ्यांदा खिडकीतला त्यो बाबा म्हनला, लग्नाचा दाखला आना. धनश्रीला काखंत घेऊन उन्हात गेलते. म्हटलं, ही पोर दिसती न्हवं, हाच दाखला. मागचा मानूस हसला, बाबा न्हाई हसला. दाखला ग्रामपंचायतीतनं काढला. झालं नाव.

दहा कुंच्या धाडल्यात. कापड पाथर्डीच्या बाजारातलं नवं कोरं, बघ. घुंगरं उसवून डब्यात ठेवलीत. लंकाबाईला न्हाई आवडलं. म्हनली, "घुंगरू पोरासाठी नसतंय गं येडे. आईसाठी असतंय. कामात असली तरी पोर कुठं हाय ते तिला ऐकू यावं." मी म्हनलं, लंकाबाई, ह्या कुंच्या घेनाऱ्या बाया पोरांपासून लांब कुठं जात्यात. फ्लॅटमधी असत्यात.

धनश्री पालथी पडायला लागलीया. सासूबाई लई खूश. मला मात्र तिनं थोडं उशिरा शिकावं असं वाटतं. कुठली आई असं म्हनंल?

जया

---

भिंगार
२१ ऑगस्ट

जये,

दुकान उघडलं! नाव ठेवलंय 'धनश्री कुंची'. फोटोला माझ्या बाहुलीला कुंची घातली, सलमानची क्रिकेटची पांढरी पँट मागे अंथरली. पोरगा शाळेतून येऊन पँट शोधत बसला.

सहा गेल्या. चार पुण्याला, दोन नाशिकला. पहिली गेली तेव्हा मोबाईल टुण्ण वाजला आणि मी पोळी करपवली.

एक वाईट सांगते, मनाला लावून घेऊ नको. पुण्याच्या एका बाईनं पाचातले दोनच तारे दिलेत. लिहिलंय, दिसायला छान पण कापड कडक, बाळाच्या मानेला लाल झालं. दोन तारे पडले की दुकान खाली जातं, लोकांना दिसतच नाही. पुढची मऊ कर. कशी करायची ते तुझं तू बघ, तुझा धंदा आहे.

कैनातला दात आलाय. पाजताना मला चावते.

शरिफा

---

बोरवाडी
२६ ऑगस्ट

शरिफे,

त्या बाळाच्या मानंचं वाचून मला दिवसभर जेवन गेलं न्हाई. कुनाचं का असंना, कच्चं बाळ. माझ्या हातनं त्याला लाल झालं.

लंकाबाईकडं गेले आन सांगितलं. ती म्हनली, मंग लाल हुनारच की. आन असं तोंड फिरवलं की मलाच माझी लाज वाटली. आता मी एक करामत केलीया. काय ते तुला न्हाई सांगत. आधी लोकं काय म्हनत्यात बघू. वीस धाडल्यात. हात लावून बघ फक्त आतनं.

ह्ये काल कुंचीची घडी घालू लागले मला. घडी वाकडी घातली, पन घातली.

जया

---

भिंगार
१३ सप्टेंबर

जये गं जये,

काय केलंस तू? मी पिशवीत भरायच्या आधी गालाला लावून बघितली. लोणी! बावीस गेल्या आजपर्यंत. पाच तारे, पाच तारे, पाच तारे. एकीनं लिहिलंय, आजीच्या कुशीसारखी वाटते. मी ते दिलावरला दोनदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आता माझ्यासाठी पण एक शिव म्हणावं जयाला."

तीसला आठ राहिल्या. दसरा अजून लांब आहे. दाजींना सांग, मुकादमाला आत्ताच अर्धा म्हणून कळवा.

करामत सांग आता. मला फ्रॉकाला लावायची आहे.

शरिफा

---

बोरवाडी
१६ सप्टेंबर

शरिफे,

ह्यांनी काल मुकादमाला फोन केला. माझ्यासमोर. म्हनले, "औंदा मी एकटाच हाय, अर्धा लिहा." मी चुलीपाशी बसले हुते. भाकर उलटायची इसरले. करपलेली भाकर सासूबाईंनी सोताच्या ताटात घेतली.

आता करामत सांगते. तुला बी म्हाईतच असंल, इतकी साधी हाय. कच्च्या जीवाला नवं कोरं कापड कुनी घालतं का? आपल्याकडं बारशापत्तूर जुनंच घालत्यात. आन तेही कुनाचं बी न्हाई, जिची पोरं जगलीत तिचं मागून आनत्यात. मी पयल्यांदा बाजारचं कापड लावलं तीच माझी चूक. लंकाबाईनं ट्रंकंतनं तिची चार लुगडी काढून दिली. चाळीस-पन्नास वर्सं धुऊन धुऊन साईवानी झालीत. मी ती उकळत्या पान्यातनं काढली, उन्हात वाळवली, आन कुंचीला आतनं लावली. बाहेरनं नवं, आतनं लंकाबाईचं लुगडं.

ती देताना म्हनली, "मला काय करायचीत, पुन्या-मुंबईची पोरं बी जगू देत." त्याचं मी एक रुपया जास्त लावलं न्हाई. असली वस्तू कुठल्या दुकानात मिळती सांग.

दोन लुगडी अजून हायेत. तुझ्या फ्रॉकाला देऊ का?

तुझी
जया

---

भिंगार
१६ सप्टेंबर

जये,

ही चिठ्ठी घाईत लिहितेय. तुझी अजून आली नाही.

काल संभाजीनगरच्या एका बाईची तक्रार आली. कुंची उसवून फोटो टाकलाय. आतल्या कापडाला रफू केलेलं आहे, एका कोपऱ्यात जुना डाग आहे. लिहिलंय, "वापरलेल्या साडीचा कपडा नवजात बाळासाठी नवा म्हणून विकला. घाण माणसं." कंपनीनं तुझं दुकान बंद केलंय.

मी लगेच उत्तर लिहिलं की हे खोटं आहे, आमचा माल नवा आहे, ती बाई दुसऱ्याच कशाचा फोटो टाकतेय. तू कापड कुठल्या दुकानातून घेतलंस? बिल पाठव. सात दिवसांत बिल दाखवलं तर दुकान सुरू होईल. पक्कं बिल, दुकानाचा शिक्का मारलेलं.

घाबरू नको. खोटं बोलणारी ती आहे.

शरिफा

---

बोरवाडी
१८ सप्टेंबर

शरिफे,

आपल्या दोघींच्या चिठ्ठ्या टेम्पोतच एकमेकीला ओलांडून गेल्या. माझी तुला आता मिळाली असंल. मला लिहायला तोंड न्हाई.

ती बाई खोटं बोलली न्हाई. रफू लंकाबाईचं हाय. डाग हळदीचा हाय, निघतच नव्हता. मी मुद्दाम त्यो कोपरा आत दुमडला. म्हटलं हळद काय वाईट नसती.

बिल न्हाई. लुगड्याचं बिल कुठनं आनू? लंकाबाईला सांगितलं तर ती म्हनली, "माझा अंगठा घ्या. लिहा म्हनावं, लंकाबाई सांगती की कापड स्वच्छ हाय, कुनी मेल्याचं न्हाई, आजाऱ्याचं न्हाई." तिनं कागदावर अंगठा उठवलाय. शाई नव्हती तर चुलीचं काजळ लावलं. त्यो कागद संगं धाडते. त्यांना मोबाईलवर फोटो काढून धाड ना.

आन एक विचार. त्या बाईच्या बाळाला काय झालं का? अंगावर काही उठलं का? ते आधी विचार. दुकानाचं नंतर.

घरात अजून बोलले न्हाई. ह्ये रोज विचारत्यात, "किती गेल्या गं?" मी काल म्हनलं, पंचवीस.

जया

---

भिंगार
२३ सप्टेंबर

जया,

तुझ्या दोन्ही चिठ्ठ्या एकामागोमाग वाचल्या. आधी मला इतका राग आला की मी तुझी चिठ्ठी फाडायला घेतली. मला का नाही सांगितलंस? सांगितलं असतंस तर फॉर्मात तसं लिहिलं असतं, नाहीतर पाठवलंच नसतं. मी त्यांना लिहून बसले की माल नवा आहे. आता खोटारडी मी झाले.

मग कैनात झाली तेव्हाचं आठवलं. आमच्यात पण छठीपर्यंत जुनंच घालतात. माझ्या सासूनं तिच्या खालाची, म्हणजे मावशीची, ओढणी मागून आणली होती, ती पण अशीच मऊ. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. तू वेडी नाहीस. पण घरातलं वेगळं आणि पिशवीत घालून चिठ्ठी चिकटवलेलं वेगळं. ती बाई लंकाबाईला ओळखत नाही, जये. तिला फक्त डाग दिसला.

अंगठ्याचा फोटो पाठवला. त्यांच्याकडं अंगठा टाकायला जागा नाही, बिल टाकायची जागा आहे. तिथंच टाकला. दोन मिनिटांत उत्तर आलं, कागद चालत नाही. माणूस वाचत नसणार.

बाळाला काही झालं नाही. मी विचारलं.

आता ज्यांनी ज्यांनी घेतल्या त्या सगळ्यांना कंपनीनं कळवलंय, परत करा म्हणून. नऊ परत आल्यात. बाकीच्या येतील. दुकान पुन्हा उघडणार नाही, तुझ्या आधारवर कधीच. हे मला गोड करून सांगता येत नाही.

माझं चाललंय बरं. माझी काळजी करू नको.

शरिफा

---

बोरवाडी
४ ऑक्टोबर

शरिफे,

तू माझ्याशी खोटं बोललीस.

परत आलेल्या कुंच्यांचं गाठोडं वाल्मिकभाऊनं आनलं तवा त्यो म्हनला, "शरिफाची मशीन चादर टाकून झाकलीया, तिचं बी दुकान बंद झालं म्हनं, एकाच दारातला माल म्हनून." तुझे फ्रॉक. चार वर्सं तू शिवतीस. माझ्या हळदीच्या डागानं तुझं दार बंद केलं आन तू लिहितीस काळजी करू नको. दिलावरभाऊ काय म्हनले? मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

इथलं सांगते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ह्यांना सांगितलं. वाटलं मारतील. मारलं न्हाई. गाठोडं सोडून एक कुंची हातात घेतली, आतनं अंगठा फिरवला, म्हनले, "मऊ तर हाय की. मंग कशाला परत केली?" कुंचीची परत घडी घातली. मंग म्हनले, "आता मुकादमाला काय तोंड दाखवू? अर्धा सांगितला हुता."

सासूबाई म्हनल्या, "पूरा सांग. तोंडाला काय हुतंय."

दसऱ्याला मुकादम आला. ओट्यावर बसून चहा पिला. वहीत ह्यांचं नाव आधीच हुतं, त्याच्याम्होरं माझं लिहिलं. मी आतनं बघत हुते. म्हनला, "लेकरू केवढं हाय?" ह्ये म्हनले, "सात म्हैन्याचं." त्यो म्हनला, "चालतंय." लेकराचं नाव वहीत लिहीत न्हाईत.

दिवाळी झाली की जायचंय. देवळाली प्रवरालाच. मी ह्यांना म्हनलं, दुसरीकडं तरी बघा. म्हनले, "बिबट्या सगळीकडंच हाय."

धनश्री रांगायला लागली. काल उंबरा वलांडला तिनं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

जया

---

भिंगार
२९ ऑक्टोबर

जये,

टेम्पो तिकडं येत नाही म्हणून पोस्टानं पाठवतेय, मुकादमाच्या नावावर. मिळेल का माहीत नाही.

दुकानाचं तुला सांगितलं नाही ते बरोबर केलं असंच मला अजून वाटतं. दिलावर एवढंच म्हणाला, "तिच्या जागी तू असतीस तर तू पण तेच केलं असतंस." आता मी केडगावला एका टेलरकडं फॉल-बिडिंग करते. पोटापुरतं होतं. झालं, यावर पुन्हा बोलायचं नाही.

एक सांगायचं आहे. सांगू का नको, आठ दिवस विचार केला. एकवीस कुंच्या परत आल्या. बावीस गेल्या होत्या. एक आलीच नाही. नाशिकची बाई आहे, परवा तिचा फोन आला, पिशवीवर माझा नंबर होता म्हणून. तिला कंपनीनं कळवलं होतं, जुनं कापड आहे, परत करा. ती म्हणाली, "मला पैसे परत नकोत, कुंची पण देणार नाही. माझं बाळ रात्रभर रडायचं. या कुंचीत घातलं की झोपतं. सहा सहा तास. आणखी एक मिळेल का हो? एक धुवायला टाकली की दुसरी."

मी म्हटलं, विचारून सांगते. कंपनी नको नि काही नको, मी तिला सरळ पोस्टानं पाठवेन. शिवशील का? एकच. तुला बरं वाटेल म्हणून विचारतेय.

धनश्रीला सांभाळ. हे काय लिहितेय मी. तू सांभाळतच असशील.

शरिफा

---

देवळाली प्रवरा, कारखान्याचा तळ
१३ नोव्हेंबर

शरिफे,

तुझी चिठ्ठी मिळाली. मुकादमानं चार दिवस खिशात ठेवली, घामानं थोडी पुसली, पन वाचता आली. आज कारखान्याची गाडी बंद पडलीया म्हनून दुपारी बसायला मिळालं.

आमची कोपी कडेची हाय. मागं लगेच ऊस. पहाटं चारला फडात जातो. धनश्रीला मी कोपीत ठेवत न्हाई. संगं नेते, बांधावर गोनपाट टाकून बसवते, लंकाबाईच्या उरलेल्या लुगड्यानं तिच्या कमरंला बांधते आन दुसरं टोक दगडाखाली. ह्ये म्हनत्यात, इतकं कशाला, सगळीच पोरं हायेत. खरंच सगळीच हायेत. परत आलेल्या कुंच्या मी तळावरच्या पोरांना वाटून टाकल्या. लांबनं बघितलं तर सगळी बारशाला निघाल्यावानी दिसत्यात.

धनश्रीच्या कुंचीला मी डब्यातली घुंगरं लावलीत. सगळी. तू काढायला लावली हुतीस ती. कंपनीला चालत न्हाईत ना, इथं चालत्यात. लंकाबाई म्हनली हुती ते आता कळलं. मी वाकून ऊस तोडते, डोकं खाली, पाचट वाजतंय, कायच दिसत न्हाई. घुंगरू वाजतंय तवर माझा कोयता चालतो. थांबलं की मी कोयता टाकून पळते.

पयल्या दिवशी पळत गेले तर ती निजली हुती. दुसऱ्या दिवशी पन. निजलेलं लेकरू हलत न्हाई शरिफे, मंग घुंगरू कसं वाजंल. म्हनून मी तिला निजू देत न्हाई. डोळा लागला की जाऊन हलवते. ती रडती, मंग घुंगरू वाजतं, मंग मी परत फडात जाते. रडली की मला बरं वाटतं. आता ती सारखी किरकिर करती, दूध वढत न्हाई, डोळ्याखाली काळं आलंय. बाकीच्या बाया मला म्हनत्यात, येडी झालीस का, लेकराला झोप पाहिजे. मला कळतंय की. हात ऐकत न्हाई.

छबूबाई औंदा बी आलीया. तिनं परवा मला पोरीला हलवून उठवताना बघितलं. बांधावर येऊन बसली, धनश्रीचा पाय हातात धरला, आन जरा येळानं तिनंच घुंगरं हलवली. मंग उठून तिच्या पातीला ऊस तोडायला गेली.

नाशिकच्या बाईला कुंची शिवता यायची न्हाई. पाचटानं बोटं कापलीत, सुई धरली की रगत कापडाला लागतं. पुन्हा डाग पडायचा.

पन तिचा फोन आला तर तिला एवढं सांग. बाळ झोपतंय ना, झोपू दे म्हनावं. कुंची धुवायची म्हनून सुदिक उठवू नको म्हनावं.

घुंगरू थांबलंय. बघून येते.

निजली हुती. उठवली.

जया